वर एकतीस ओक, खाली एकही नाही: न्यू जर्सीतल्या एका रानाची मोजणी

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मध्य न्यू जर्सीत आमच्या गावामागे चाळीसेक एकर रान आहे. मालकी गावाचीच. कुत्री फिरवायला, सायकली दामटायला लोक जातात, बाकी कुणी ढुंकून बघत नाही. गेल्या वर्षी गावातल्या काही हौशी लोकांनी ठरवलं की इथे काय काय उगवतं त्याची एकदा नीट मोजदाद करायची. मी बी.एस्सी.ला बॉटनी केलेली, त्याला आता चोवीस वर्षं झाली. मधल्या काळात वनस्पतींशी आलेला संबंध म्हणजे कोथिंबीर निवडणं. पण 'तुमच्याकडे डिग्री आहे' म्हणत सगळं माझ्याच गळ्यात पडलं.

रान ओक-हिकरीचं आहे, पण आदिम वगैरे अजिबात नाही. ऐन रानात दगडांचे गडगे सापडतात. झाडांना कुंपण घालायला कोण दगड रचेल? म्हणजे इथे शेतं होती, गुरं होती. एका ठिकाणी ईस्टर्न रेडसीडरचे (हा जुनिपरच, नावापुरता सीडर) दहा-बारा वाळके सांगाडे उभे आहेत. हे झाड उन्हाचं. पडीक शेतात सगळ्यात आधी येतं आणि मागून आलेल्या ओकांनी ऊन अडवलं की उभ्या उभ्या मरतं. आणि गडग्याला लागून एक अवाढव्य व्हाइट ओक आहे, त्याच्या फांद्या माझ्या खांद्याच्या उंचीपासून आडव्या पसरल्यात. दाटीत वाढलेलं झाड असं पसरत नाही. हा एकटाच शेताच्या कडेला उभा असणार, खाली गुरं बसत असणार. बाकी सगळे सडसडीत, सरळसोट, उजेडासाठी वर पळालेले.

पद्धत अशी ठेवली: १० बाय १० मीटरचा चौकोन दोरीने आखायचा. त्यातल्या १० सेंमीपेक्षा जाड प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवर (इथे १.३७ मीटर धरतात) व्यास घ्यायचा. आत ५ बाय ५ मध्ये झुडपं आणि रोपटी. चार कोपऱ्यांत १ बाय १ च्या चौकटी, त्यात जमिनीलगतचं सगळं.

ऑगस्टमध्ये बारा प्लॉट झाले. १० सेंमीच्या वरची झाडं ५४. त्यात व्हाइट, रेड आणि ब्लॅक मिळून ओक ३१, हिकरी ११, उरलेले रेड मेपल, ॲश आणि दोन ट्यूलिप ट्री. आता मजा बघा. गुडघ्याच्या वर आलेलं ओकचं रोपटं बाराही प्लॉटमध्ये मिळून शून्य. यंदाचं रुजलेलं बोटभर रोप इथे-तिथे आहे, पण त्याच्या पुढचं काहीच नाही. बीच नावाच्या झाडाची पोरं आहेत, मेपलची आहेत, ओकची नाहीत.

माझं बघण्यात काही चुकतंय की खरंच असं असतं? फोटो नंतर टाकते.

चावट खार

पयला नंबर!

ओक नाहीत कसे? आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तीन आहेत. दोन तळमजल्यावर, एक वर.

सोनकी

खार, अपेक्षित होतं. :)

रानजाई, मस्त धागा. मी पेनसिल्वेनियात, तुझ्यापासून दोन तासांवर. माझ्या घरामागेही हेच चित्र आहे, त्यामुळे तुझं बघणं चुकलं नसावं. सविस्तर रात्री लिहिते. एकच प्रश्न: हरणं किती आहेत?

घाटवाट

धागा आवडला, वाचनखूण साठवली. पुण्याचा आहे, देवरायांच्या मोजणीत दहा-बारा वर्षं चिखल तुडवलाय. ओकबद्दल मला काही कळत नाही, सह्याद्रीत जंगली ओक नाहीच. तो हिमालयात. पण मोजणीबद्दल तीन प्रश्न आहेत, राग मानू नका.

प्लॉटच्या जागा कशा ठरवल्या?

फक्त ऑगस्टच का?

व्यास कशाने मोजला? आम्ही झाडाचा घेर घेतो, शिंप्याच्या टेपने, आणि घेर म्हणूनच लिहितो. व्यास हवा असेल तर घरी येऊन ३.१४ ने भागायचं. चालू मोजणीत भागाकार करायला गेलं की घोळ होतो.

रानजाई

सोनकी, हरणं विचारू नकोस. काल संध्याकाळी मागच्या अंगणात सात होती. माझ्या जास्वंदीची कुंडी चाटूनपुसून साफ.

घाटवाट, राग कसला. खरं सांगते. जागा 'बघून' ठरवल्या. म्हणजे चालत गेलो, बरी जागा दिसली, दोरी लावली. मल्टिफ्लोरा रोजची (जपानी जंगली गुलाब, काटे उलटे वळलेले) दाट जाळी असेल तिथे गेलो नाही, कारण तिथे शिरणं शक्यच नव्हतं. ऑगस्ट, कारण मुलांना सुट्टी. व्यासाचं तपासून सांगते. आमच्याकडे व्यास थेट दाखवणारी खास टेप आहे, पण ती एकच. दुसऱ्या गटाकडे साधी होती...

घाटवाट

मग ती रानाची मोजणी नव्हे, रानातल्या बसायच्या जागांची मोजणी झाली.

हसू नका, मीही हे केलंय. पहिल्या वर्षी मावळातल्या एका राईत माझे सगळे प्लॉट देवळाकडे जाणाऱ्या पायवाटेला चिकटून होते. आकडेवारीत रान फार मोकळं, प्रकाशमान वगैरे दिसलं. सरांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, 'देवाला नमस्कार करून आलास, रान कधी बघणार?'

काट्यांची जाळी टाळलीत म्हणजे परक्या झुडपांचा आकडा कमी आला. आणि कदाचित ओकची पोरं त्याच जाळीत असतील. जाळीत हरीण तोंड घालत नाही ना? आमच्याकडे करवंदीच्या जाळीत अशी रोपं वाचतात. शेळीपासून वाचलेला अंजनीचा पोरगा मी करवंदीतच पाहिलाय.

उपाय सोपा आहे. नकाशावर चौकटी आखा, नंबर द्या, चिठ्ठ्या काढा. जी चिठ्ठी येईल तिथे जायचं, मग तिथे काटे असोत की गांधीलमाशीचं पोळं. (पोळं असेल तर सोडा, पण का सोडलं ते लिहा.)

कोकणी आप्पा

रानजाईताई, छान लिहिलंत. मी देवरुखकडचा, वय ७१, जन्म शेतात गेला. एक विचारतो. तुमच्या रानात एकाच बुंध्यातून दोन-तीन खोडं वर गेलेली दिसतात का? आमच्याकडे भाजावळीसाठी (पेरणीआधी शेत भाजायला) ऐन-किंजळाचं कवळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडायचे. वरचेवर तोडलेल्या झाडाला खालून फुटवे येतात आणि पुढे तोडायचं थांबलं की त्याचं असं तिठं झाड होतं. आता भाजावळ फारशी कुणी करत नाही, शेतं ओस पडली, आणि जिकडे-तिकडे हीच तिठी झाडं. लोक म्हणतात, काय जंगल वाढलंय! वाढलंय खरं, पण ते आमच्या कोयत्याखालून आलेलं आहे.

आणि हिकरी म्हणजे नक्की काय हो? हिकरी-डिकरी घड्याळातला उंदीर एवढंच माहीत.

रानजाई

आप्पा, अगदी! जोडखोडाचे ओक ढिगाने आहेत. तोडलेला ओक बुंध्यापासून पुन्हा फुटतो. इकडे उत्तर जर्सीत लोखंडाच्या भट्ट्या होत्या आणि त्यांना कोळसा लागायचा. त्यासाठी डोंगरच्या डोंगर पुन्हा पुन्हा तोडले गेले. आमच्या बाजूला शेती आणि सरपण. कोयत्याऐवजी कुऱ्हाड, एवढाच फरक.

हिकरी म्हणजे अक्रोडाच्या कुळातलं झाड. पेकान खाल्लाय ना? ती हिकरीच. शॅगबार्क हिकरीची साल फूट-फूटभर लांब पट्ट्यांनी सुटून लोंबत असते, लांबूनच ओळखू येते. पिगनट, मॉकरनट, बिटरनट ओळखताना मात्र घाम फुटतो. मॉकरनटला सहसा सात ते नऊ पर्णिका (एकाच पानाचे सुटे भाग), देठ लवदार, चुरडली की छान वास. बिटरनटची कळी गंधकासारखी पिवळीधमक असते, त्यामुळे तो हिवाळ्यातच सोपा.

कबुलीजबाब: पहिल्या दिवशी मी चार ॲशना हिकरी म्हणून मोकळी झाले होते. दोघांचीही पानं संयुक्त. पण ॲशची पानं फांदीवर समोरासमोर येतात, हिकरीची एकाआड एक. एफवायला शिकवलेलं 'सन्मुख' आणि 'एकांतर'. परीक्षेत पाठ करून लिहिलं होतं, फांदी हातात घेऊन कधी बघितलीच नव्हती.

डेट्रॉईटकर

ॲशचा विषय निघाला म्हणून. तुमचे ॲश जिवंत आहेत का? आमच्याकडे एकही उरलेला नाही. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा चकाकणारा किडा अमेरिकेत पहिल्यांदा २००२ मध्ये इथेच, डेट्रॉईटजवळ सापडला. आशियातून लाकडी खोक्यांतून आला असं मानतात. अळी सालीखालचा रसवाहक थर नागमोडी कोरत जाते, झाडाचा गळाच आवळला जातो. सालीवर इंग्रजी डी अक्षरासारखी इवली भोकं दिसली की समजायचं. माझ्या गल्लीत दोन्ही बाजूंना ॲशची कमान होती, दोन वर्षांत गल्ली बोडकी.

रानजाई

न्यू जर्सीत तो २०१४ मध्ये सापडला, आमच्याच भागात. प्लॉटमधले सहापैकी पाच ॲश वाळलेले आहेत. साल उडून खोड फिकट पडलंय. सुतारपक्ष्यांची चंगळ.

सोनकी

कबूल केल्याप्रमाणे सविस्तर.

ओकची पोरं नसण्याला एक कारण नाही, चार-पाच आहेत आणि सगळी एकमेकांत अडकलेली.

हरणं तर आहेतच. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी शिकारीने या भागातली पांढऱ्या शेपटीची हरणं जवळपास संपली होती. तुझे आत्ताचे उंच ओक बहुधा त्याच हरणं नसलेल्या काळात रुजले आणि वाचले. म्हणजे वरचा थर हा त्या काळाचा हिशेब आणि खालचा आत्ताचा. हरीण ओकचं रोप आधी खातं, बीचला शक्यतो तोंड लावत नाही. तुझा बीचचा आकडा तिथूनच येतो.

दुसरी आग. तुझ्याजवळच ईस्ट मिलस्टोनला रटगर्स विद्यापीठाचं हचेसन मेमोरियल फॉरेस्ट आहे. पासष्टेक एकराचा तुकडा, कधीच न तोडलेला, मुख्यतः व्हाइट ओक. तिथे १९५० च्या वादळात पडलेल्या एका म्हाताऱ्या ओकच्या खोडात आगीचे जुने व्रण सापडले. त्या वर्तुळांवरून हिशेब लागला की १७११ पर्यंत साधारण दर दहा वर्षांनी आग लागत होती आणि त्यानंतर बंद. या भागात लेनापे हे इथले मूळ रहिवासी राहायचे, रान जाळून मोकळं ठेवायची पद्धत होती. गोरे शेतकरी आले आणि आग थांबली. ओकची साल जाड, मूळ खोल. वरून जळला तरी खालून फुटतो. मेपल-बीचची साल पातळ, ते आगीत मरतात. आग गेली की सावली वाढते, ओलावा टिकतो, मेपल माजतात आणि ओकच्या पोरांना ऊन मिळत नाही.

म्हणजे शब्दशः राखलेलं जंगल, आणि राखल्यामुळेच बदललेलं.

अवांतर: ते जंगल १९५५ मध्ये वाचवायला मोठी देणगी कुणी दिली असेल? सुतारांच्या संघटनेने. हचेसन हा त्यांचा माजी अध्यक्ष.

चावट खार

सुतारांनी लाकूड वाचवलं हे म्हणजे मी शेंगदाणे दान केल्यासारखं झालं.

पण माझ्या जातभाईंवर कुणी आळ घेऊ नका. खारी ओकफळं पुरतात आणि अर्धी विसरतात. आम्हीच लावतो ही जंगलं.

सोनकी

खारीचं खरं आहे! त्यातही गंमत. व्हाइट ओकचं फळ पडल्या पडल्या त्याच शरदात रुजतं, म्हणून खारी ते लगेच खातात किंवा कोंब कुरतडून मग पुरतात. रेड ओकचं फळ झाडावर दोन वर्षं पिकतं, कडवट असतं आणि वसंतापर्यंत रुजत नाही. ते साठवणीचं.

घाटवाट

हचेसनची तुलना आमच्या देवरायांशी करायचा मोह होतोय. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात देवरायांवर लिहिलं, तेव्हा मुद्दा हाच होता की आजूबाजूचं रान काय होऊ शकलं असतं ते बघायला उरलेला तुकडा हवा. पण सोनकींनी लिहिलेलं वाचून शंका येते. राई म्हणजे जुनं रान जसंच्या तसं, हे आपण गृहीत धरतो. तिथेही खालचा थर वेगळंच बोलत असेल. माझ्या वह्यांमध्ये रोपांचे आकडे आहेत, पण वरच्या थराशी लावून कधी पाहिले नाहीत. आज रात्रीचं काम.

नवखा ७

एवढं सगळं मोजून शेवटी करायचं काय? एक यादी केली की झालं ना? (खरंच विचारतोय, टोमणा नाही.)

रानजाई

नवखा, यादीने 'काय आहे' कळतं, 'किती आणि कुठे' कळत नाही. आमच्या यादीत व्हाइट ओक आहे आणि जपानी स्टिल्टग्रासही आहे, दोघांना एकेक ओळ. प्रत्यक्षात हे गवत काही चौकटींत ८० टक्के जमीन व्यापून बसलंय. हे १९१९ मध्ये अमेरिकेत टेनेसीत पहिल्यांदा सापडलं, चिनी मातीची भांडी याच वाळल्या गवतात गुंडाळून यायची. भारतही त्याच्या मूळ घरात मोडतो बरं का. म्हणजे परदेशात येऊन पसरलेली मी एकटीच नाही.

टक्के कसे काढतो तेही सांगते. एक मीटर चौकटीचा एक टक्का म्हणजे १० बाय १० सेंमी, साधारण माझा तळहात. हात आडवा धरून मोजायचं: हे किती तळहात, ते किती तळहात. पहिल्या दिवशी सगळ्यांचे अंदाज वेगवेगळे येतात. म्हणून दोघांनी वेगवेगळं लिहून मग भांडायचं.

आणि झाडांच्या बाबतीत नुसती संख्याही फसवते. ४० सेंमी व्यासाच्या एका ओकने अडवलेली जागा म्हणजे १० सेंमीची सोळा झाडं. म्हणून विस्कॉन्सिनच्या कर्टिस आणि मॅकिंटॉश यांनी १९५१ मध्ये वापरलेली रीत अजून चालते: संख्येचा वाटा, किती प्लॉटमध्ये सापडलं त्याचा वाटा आणि खोडांच्या क्षेत्राचा वाटा, तिन्ही टक्क्यांची बेरीज. पूर्ण तीनशे.

कोकणी आप्पा

ताई, काळजी घ्या. तिकडे म्हणे कसलीशी वेल आहे, अंगाला लागली की फोड येतात. माझा पुतण्या आठवडाभर झोपला नव्हता.

रानजाई

आप्पा, पॉयझन आयव्ही. तुम्हाला पटकन कळेल: बिब्ब्याच्या कुळातली. आंबा, काजू, बिब्बा आणि ही बया, सगळी एकाच घरातली. बिब्बा उतला की कसं होतं, तसंच. तीन-तीन पर्णिकांचं पान, मधलीचं देठ लांब. झाडावर चढलेल्या जुन्या वेलीला केसाळ मुळं, सुंभासारखी. पाच पर्णिका असतील तर ती व्हर्जिनिया क्रीपर, बहुतेकांना काही होत नाही.

मला सातव्या प्लॉटवर प्रसाद मिळाला. हातमोजे होते, पण त्याच हातमोज्याने घाम पुसला. कपाळ ते कान, दहा दिवस. तेव्हापासून घरी आल्या आल्या भांड्यांच्या साबणाने आणि गार पाण्याने खसाखसा हात-तोंड धुते, दोरी आणि टेपसुद्धा. गोचिडांसाठी विजार मोज्यांत खोचून जाते. नवरा म्हणतो, शाळेच्या कवायतीला निघाल्यासारखी दिसतेस. दिसू दे, गोचिडांमुळे होणारा लाइमचा आजार होण्यापेक्षा बरं.

घाटवाट

वह्या काढल्या. दोन राया बघून झाल्या. आत्ता काही लिहीत नाही, आणखी चार बघतो. पण झोप उडाली आहे एवढं सांगतो.

रानजाई

धागा वर काढतेय. मध्ये आठ महिने गेले, क्षमस्व. घाटवाटदादांचं ऐकलं आणि सगळं पुन्हा केलं.

आधी नाचक्की. पहिल्या खेपेला दुसऱ्या गटाने एका पिगनट हिकरीचा व्यास ११८ सेंमी लिहिला होता. मी वहीत शेजारी 'बापरे!' असं लिहून खूशही झाले होते. तो घेर होता. भागल्यावर साडेसदतीस. पण मी बेरीज तशीच केली होती आणि चूक व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास दहापट. एकट्या त्या झाडाने आमचं रान 'हिकरीप्रधान' करून टाकलं होतं. आता रकाना एकच, 'घेर', आणि टेपही सगळ्यांकडे साधीच.

नोव्हेंबरात मुलीने नकाशावर चौकटी आखल्या, चिठ्ठ्या शेवेच्या डब्यात घातल्या आणि वीस काढल्या. पहिलीच चिठ्ठी जाळीतली! फांद्या तोडून शिरावं तर प्लॉट बदलतो, म्हणून पोटावर सरपटत गेलो. दहा मीटरची दोरी लावायला पाऊण तास. आत काय? गुलाब, गुलाब आणि गुलाब, मध्ये एक बार्बेरी. ओकचं पोर नाही. घाटवाटदादा, करवंदीचा नियम इथे निदान या एका जाळीत तरी लागू पडला नाही. आत अंधार इतका की गुलाबाखाली गुलाबसुद्धा रुजत नव्हता.

मग एप्रिल. ऑगस्टवाल्या मला लाज वाटली. ओक-हिकरीला पालवी फुटते ती मेच्या सुरुवातीला. त्याआधीचे तीन-चार आठवडे जमिनीवर ऊन पोचतं आणि तेवढ्यात काही झाडं अख्खं वर्ष उरकून घेतात. स्प्रिंग ब्यूटी, गुलाबी शिरांची, नखाएवढी. ट्राउट लिली, ठिपक्या-ठिपक्यांचं पान. एका चौकटीत तिची ३८ पानं आणि फूल एकच, कारण एकपानी रोपं फुलत नाहीत, वर्षानुवर्षं नुसता कंद भरत बसतात. जूनमध्ये बघाल तर तिथे काहीसुद्धा नाही. आपल्याकडे पहिल्या पावसात फोडशी, रानहळद वर येतात तशी ही घाई, फक्त पाण्याऐवजी उजेडासाठी.

मेमध्ये जॅक-इन-द-पल्पिट भेटला आणि मी ओरडलेच. अहो, हा तर आपला सापकांदा! तोच अरिसेमा, तोच फणा, फक्त महाबळेश्वरचा पांढरा, हा हिरवा-तपकिरी पट्ट्यांचा. कंद लहान असेल त्या वर्षी नर फुलं, भरला की मादी, आणि उपासमार झाली की पुन्हा नर. झुडपांत स्पाइसबुश. पान चुरगाळून मुलीला हुंगायला दिलं तर म्हणाली, 'आजीच्या मसाल्याचा डबा.' दालचिनीच्याच कुळातलं आहे, पोरीचं नाक चांगलं.

आता मुख्य गोष्ट. विसापैकी एकोणीस प्लॉटमध्ये ओकचा तोच भोपळा. सतराव्यात दोन वाळलेले ॲश कोसळलेत, एकावर एक. शेंड्यांच्या फांद्यांचा पिंजरा झालाय, माणूस जेमतेम वाकून शिरेल असा. वर आभाळ उघडं. आणि त्या पिंजऱ्याच्या मधोमध रेड ओक, उंची ८३ सेंमी, पानं २६, एकही खाल्लेलं नाही. पिंजऱ्याच्या बाहेर दोन हातांवर दुसरा होता, तेवढ्याच जाडीचा, पण टाचेएवढा उंच. शेंडा इतक्या वेळा खुडलाय की बोन्साय झालाय. मी दोघांच्या मधे बसून डबा खाल्ला.

डेट्रॉईटकर

म्हणजे त्या किड्याने मारलेल्या झाडाने ऊनही दिलं आणि कुंपणही. वीस वर्षं मी त्याला शिव्या घालतोय. घालणं थांबवणार नाही, पण हे लक्षात ठेवतो.

सोनकी

रानजाई, पिंजरा फार वर्षं टिकणार नाही. ॲशच्या बारीक फांद्या लवकर कुजतात. हरणाच्या तोंडाच्या वर जायला झाडाला दीड मीटर तरी हवं. शर्यत आहे. जमलं तर जाळी लाव, आणि बाहेरच्या त्या बोन्सायलाही लाव. त्याचं मूळ वयाने मोठं असेल, मोकळा सोडला तर झपाट्याने उठेल.

घाटवाट

अभिनंदन. विसात एक सापडला, तेही चिठ्ठीने. तुम्ही 'बघून' गेला असता तर पडलेल्या झाडांची अडगळ म्हणून तो प्लॉट सोडलाच असता.

माझं सांगतो. सहा राया लावून पाहिल्या. चारांमध्ये वरच्या थरातल्या सगळ्यात मोठ्या झाडांची पोरं खाली नाहीत किंवा नगण्य आहेत. कारण माहीत नाही. आमच्याकडे हरणं नाहीत, पण गुरं आहेत आणि देवळासाठी फरशी घालणं आहे. या पावसाळ्यात पुन्हा जाणार, यावेळी चिठ्ठ्या घेऊन. वेगळा धागा काढतो.

कोकणी आप्पा

काढा, वाचतो. ताई, जाळी लावलीत का? आमच्याकडे आम्ही कलमाभोवती काट्याची शिरडं रोवायचो.

रानजाई

लावली, आप्पा. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणि चार खुंट, दोघांनाही. गावाच्या परवानगीला तीन आठवडे गेले, 'सार्वजनिक जागेत कुंपण' म्हणून. दोघांनाही ॲल्युमिनियमचे बिल्ले लावलेत: ४७ आणि ४८. पुढची उंची ऑक्टोबरमध्ये, पानं गळायच्या आधी. इथेच लिहीन.

चावट खार

४७ कुणी पुरला होता ते मी सांगणार नाही.